'विश्वास', 'भरवसा' आणि 'पत' : फरक काय?

चिंचगूळ :
काल महापालिकेला अर्ज लिहिला, शेवटी सवयीने 'आपली विश्वासू' लिहून सही केली आणि अडखळले. वॉर्ड ऑफिसातले साहेब मला ओळखत नाहीत. मी विश्वासू कशी? शिवाय आधारची झेरॉक्स, स्वयंघोषणापत्र, सगळं जोडलेलं! कोशात विश्वास, भरवसा, पत शेजारी-शेजारी सापडतात, पण बोलताना आपण त्यांची अदलाबदल करत नाही. असं का?

निवृत्त कारकून :
'विश्वास'च्या मुळाशी 'श्वस्' धातू, म्हणजे श्वास घेणे. ज्याच्यापाशी निर्धास्त श्वास घेता येतो, त्याच्यावर विश्वास. म्हणूनच त्याचा घात होतो. भरवशाचा घात होत नाही. भरवशाच्या म्हशीला फार तर टोणगा होतो. भरवसा अनुभवाने ठरतो : नळाच्या पाण्याचा, सहाच्या एसटीचा. पावसाचा भरवसा नाही म्हणतात. पावसाने विश्वासघात केला, असं आमच्या गावात तरी कोणी म्हणत नाही.

'पत' उलट्या दिशेची. विश्वास ठेवणाऱ्याचा असतो. पत ज्याच्यावर तो ठेवला जातो त्याची. 'माझा वाण्यावर विश्वास आहे', पण 'वाण्याकडे माझी पत आहे'. षष्ठी कुणाला लागते ते बघा.

चिंचगूळ :
मग पतसंस्थेत पत कुणाची?

निवृत्त कारकून :
मुळात कर्ज घेणाऱ्या सभासदाची. म्हणून तर दोन जामीनदार लागतात. ठेवीदाराला मात्र ती संस्थेची वाटते. आमच्या आत्याने पासबुकावरचा 'पत' हा शब्द बोटाने दाखवून मला समजावलं होतं, "बँकच आहे रे." संस्था बुडाली. १९६० साली पलई सेंट्रल आणि लक्ष्मी या बँका बुडाल्या, त्यानंतर १९६२ पासून बँकठेवींना विमा आला. तेव्हा १,५०० रुपयांपर्यंत, २०२० पासून ५ लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. एका शब्दाने आत्याचे पैसे अडकले, असं मी अजून म्हणतो. घरचे म्हणतात, व्याजाचा दर जास्त होता म्हणून.

वाटसरू :
नोट विसरलात. दहाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर धारकाला पैसे अदा करण्याचं वचन देतो. एक रुपयाच्या नोटेवर वचनच नाही! ती भारत सरकारची, सही वित्त सचिवाची. वचन बँकेला द्यावं लागतं, सरकारला नाही.

आणि सरकारवरचा विश्वास मोजतात तो सभागृहात. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला. तुमचा-माझा विश्वास त्यात कुठेच नव्हता. 'भरवसादर्शक' ठराव मांडायची पद्धत असती, तर ग्रामपंचायतसुद्धा टिकली नसती.

निवृत्त कारकून :
हे सगळं ठीक. चिंचगूळताई, अर्जाची पोच घेतलीत का? शिक्का आणि आवक क्रमांक असलेली?

चिंचगूळ :
नाही हो. मागितली तर साहेब म्हणाले, "ठेवा टेबलावर. विश्वास नाही का?"