फुकटात रिअर प्रोजेक्शन टीव्ही मिळतोय, घेऊ का?

मुंबईचे काका ५० इंची डीएलपी टीव्ही देतायत (आतला प्रोजेक्टर मागून पडद्यावर चित्र टाकतो, तो जुना प्रकार), मालवणला पडवीत ठेवून मॅच बघायचा विचार आहे. चालेल ना?

– पडवीत नको रे बाबा! उजेडात फिका दिसतो आणि बाजूला बसलेल्याला अजूनच काळपट. माजघरात अंधार करून समोर बस, मग मजा बघ. प्लाझ्मा टीव्हीसारखा बर्न-इनचा, म्हणजे एकच चित्र फार वेळ राहून पडद्यावर त्याचा डाग बसायचा, त्रासपण नाय.

– आधी लॅम्प (चित्र पाडणारा आतला दिवा) मिळतो का बघ, काही हजार तासांनी जातोच तो, आणि २०१२ मध्ये मित्सुबिशीनेपण हे टीव्ही बंद केले त्यामुळे ओरिजिनल पार्टची बोंब.

– आत मोठा आरसा असतो, आमच्याकडे पावसाळ्यात त्यावर बुरशीचे ठिपके आले, सगळं चित्र धुरकट. मेकॅनिक हात लावायला तयार नाय.

– बरं, काकांना लॅम्पचं विचारतो, नायतर राहू दे तिकडेच.