तीन किलोंचा कॅमेरा आता हातात थरथरतो: विकायचा की टेकवायचा?

शेकाट्या

वय ७१, मुक्काम पुणे. सामान निकॉन डी५०० कॅमेरा आणि २००-५०० मिमी एफ/५.६ लेन्स (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). बॅटरी, कार्ड, लेन्सची कॉलर (स्टँडला लावायची कडी) धरून ३ किलो १६० ग्रॅम. फक्त पक्षी. कवडीपाट, पाषाण तलाव आणि थंडीत भिगवण एवढंच फिरणं उरलंय, डोंगर चढणं बंद.

अडचणी तीन. उजव्या हाताला कंप आहे (पार्किन्सन नाही, तपासून झालंय). गुडघ्यांमुळे जमिनीवर बसलो तर उठवायला माणूस लागतो. आणि उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, तेव्हापासून व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) सगळं धूसर दिसतं. शटर १/८०० सेकंदाला ठेवून पूर्वी दहातले सात फोटो स्वच्छ यायचे, आता दोन येतात.

हे विकून हलकं काही घ्यावं का? घेतलं तर काय? की मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) भागेल? "आता मोबाइलवर काढा" हा सल्ला घरच्यांकडून मिळालेला आहे, तो सोडून बोला.

---

खंड्या

काका, विकायची घाई नको. आधी फोटो नेमका कशामुळे बिघडतोय ते बघा. कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करून पाहिलात की कळतं. पक्ष्याच्या डोळ्यातली चमक ठिपक्याऐवजी रेघ झाली असेल किंवा कडा एकाच दिशेला दुहेरी दिसत असतील, तर हात हललाय. पक्षी मऊ पण त्याच्या पुढचं गवत किंवा मागचा दगड स्वच्छ, तर फोकस चुकलाय. आणि काहीच स्वच्छ नाही, सगळं पाण्याखाली असल्यासारखं वितळलेलं, तर ती तापलेल्या हवेची थरथर. भिगवणला दहानंतर पाण्यावरून लांबचा फोटो घेतला की हेच होतं, आणि त्याला जगातली कुठलीही लेन्स पुरत नाही. जवळ जायचं किंवा घरी जायचं.

तुमच्या बाबतीत पहिलं कारण असणार. डी५०० चा क्रॉप (सेन्सर लहान असल्याने चित्र दीडपट जवळ दिसतं) धरला तर ५०० मिमी म्हणजे ७५० मिमीच्या लेन्सइतका अरुंद कोन, त्यामुळे १/८०० हा स्थिर हाताचा किमान हिशेब. कंप असलेल्या हाताला दुप्पट द्या. मॅन्युअल मोड, १/१६००, एफ/५.६, ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कॅमेरा स्वतः ठरवतो) चालू, कमाल मर्यादा ६४००. उडता पक्षी असेल तर १/२५००. आयएसओ वाढून दाणे आले तर ते नंतर कमी करता येतात, हललेला फोटो कोणी सरळ करून देत नाही.

व्हीआर (लेन्समधली थरथर कमी करणारी यंत्रणा) चालूच ठेवा, पण त्याला वेळ द्या. बटण अर्धं दाबायचं, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थबकलेलं दिसेपर्यंत अर्धा-एक सेकंद थांबायचं, मग पुढे दाबायचं. सलग शूटिंगचा वेग कमी ठेवा, सेकंदाला पाच पुरे, आणि दर वेळी तीन-चार फ्रेम घ्या. पहिल्या फ्रेमला बोटाचा धक्का बसलेला असतो, दुसरी-तिसरी बहुतेक वेळा चांगली निघते. अंगठ्याने फोकस करण्याची सवय असेल तर सोडून द्या. कंपातल्या हाताला अंगठा आणि तर्जनी अशी दोन वेगळी कामं एकदम झेपत नाहीत.

आता मोनोपॉड. घ्याच. वरच्या नळीची जाडी बघून घ्या, स्वस्तातले बारीक काडीसारखे येतात ते ३ किलोंखाली वाकतात. त्यावर बॉल हेड (सगळीकडे वळणारं गोळ्याचं डोकं) लावू नका. बॉल जरा ढिला राहिला की लेन्स बाजूला लोळते आणि सावरताना मनगट मुरगळतं. फक्त पुढे-मागे झुकणारं टिल्ट हेड लावा, डावी-उजवीकडे मोनोपॉडच फिरवायचा. उंची अशी लावा की दोन्ही पाय थोडे फाकवून उभं राहिल्यावर मान न वाकवता डोळा व्ह्यूफाइंडरला लागेल. मोनोपॉडचं टोक पावलांच्या पुढे, म्हणजे दोन पाय आणि तो असा त्रिकोण होतो. डावा हात लेन्सच्या खाली नको, वर ठेवून हलका दाब द्या. वजन मोनोपॉड घेतोय, हाताचं काम फक्त दाबून धरण्याचं. मोनोपॉडवरही व्हीआर चालू, बरं का. बंद करायचा प्रश्न पक्क्या ट्रायपॉडवर येतो.

---

सुगरण

डोळ्याबद्दल लिहिते, कारण या गोष्टीवर लोक उगाच सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारतात.

ऑपरेशननंतर डोळ्याचा नंबर बदलला, पण कॅमेऱ्याचं डायॉप्टर (व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या नंबराशी जुळवायची सोय) जुन्याच नंबरवर राहिलं, एवढीच बहुधा भानगड आहे. लेन्स मोकळ्या आकाशाकडे धरा, फोकस मुद्दाम बिघडवा. आता चित्राकडे न पाहता व्ह्यूफाइंडरमध्ये खाली दिसणारे आकडे आणि फोकसचे चौकोन बघा. डी५०० ला व्ह्यूफाइंडरच्या उजवीकडची छोटी चकती बाहेर ओढून फिरवायची, आकडे कोरल्यासारखे दिसले की आत दाबायची. दूरचं झाड बघत हे केलंत तर तुमचा डोळा आणि लेन्सचा फोकस यांचा घोळ होतो आणि चकती भलत्याच जागी थांबते. हे सगळं चष्मा लावून करायचं की काढून, ते आधी ठरवा आणि तेच कायम ठेवा. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर खालच्या वाचायच्या भागातून बघितलं जातं आणि पुन्हा धूसर. फिरायला जाताना दूरच्या नंबरचा साधा, एकाच काचेचा चष्मा बरा.

डायॉप्टरचा ऑटोफोकसशी काही संबंध नाही. ते फक्त तुम्हाला दिसण्यासाठी आहे. म्हणजे हे सुधारल्यावरही फोटो हललेले आले तर खंड्या म्हणतात ते कारण.

आणखी एक, रंगांचं. मोतीबिंदू पिकत जातो तसा तो पिवळ्या काचेसारखा होतो आणि निळा रंग कमी दिसतो. त्या काळात एडिट केलेले फोटो आता उघडून बघा, बरेचसे निळसर वाटतील. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू असेल तर एकेक डोळा झाकून पांढरा कागद बघा, फरक लगेच कळेल. एडिटिंग करताना ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर विश्वास ठेवा. जुन्या फोटोंच्या रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, एडिट न केलेल्या) फाइल्स ठेवल्या असतील तर बगळ्यांचे फोटो परत एडिट करून बघण्यासारखे असतात.

कंपाबद्दल इतकंच की पहाटेचा कडक चहा-कॉफी आणि दम्याचे काही पंप यांनी कंप वाढतो. चहा फोटो झाल्यावर प्या. औषधांचं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका.

---

एफ_अकरा

खंड्यांशी अर्धा सहमत. मोनोपॉडवर नेलं तरी ते ३ किलो गाडीपासून पाण्यापर्यंत कोणीतरी उचलायचे असतात. शिवाय नुसतं वजन नव्हे, ते अंगापासून किती पुढे आहे हे महत्त्वाचं. ५०० ला ताणलेली लेन्स पुढे ओढते आणि तो ताण मान आणि मनगटावर येतो.

हलके पर्याय, बॅटरी-कार्डासह:

कॅनन आर७ (६१२ ग्रॅम) आणि आरएफ १००-४०० (६३५ ग्रॅम), एकूण सव्वा किलो. क्रॉप धरून ६४० मिमीचा कोन. टोकाला एफ/८ आहे, म्हणजे तुमच्यापेक्षा एक स्टॉप कमी, निम्मा उजेड. जिथे आयएसओ १६०० लागत होता तिथे ३२०० लागेल.

ओएम-१ (५९९) आणि ७५-३०० (४२३), साधारण एक किलो, ६०० मिमीचा कोन. हीच जोडी १००-४०० घेऊन केली तर लेन्स एकटी ११२० ग्रॅम, कॉलर सोडून.

सोनी आरएक्स१० मार्क ४, १०९५ ग्रॅम, लेन्स बदलायची भानगडच नाही, ६०० मिमीच्या कोनाला एफ/४.

निकॉन पी९५०, १००५ ग्रॅम, २००० मिमीपर्यंतचा कोन. आकड्याला भुलू नका. सेन्सर नखाएवढा आहे, आयएसओ ८०० च्या वर पिसांचा तपशील पुसला जातो आणि २००० मिमीला कंप असलेल्या हातात पक्षी फ्रेममध्ये टिकतच नाही. भर उन्हात, टेकवून, बसलेला पक्षी, एवढ्यापुरता ठीक.

कॅननची ६०० एफ/११ लेन्स ९३० ग्रॅमची आहे आणि हिवाळ्यात आठ ते दहाच्या उजेडात छान चालते. पण तुमच्या एफ/५.६ पेक्षा दोन स्टॉप कमी, त्यामुळे सकाळी सातला कवडीपाटच्या धुक्यात हाल होतात. (नाव काहीही असलं तरी मी त्या लेन्सचा एजंट नाही.)

माझा कौल आर७ जोडीला. अशा आरशाविना (मिररलेस) कॅमेऱ्याचा खरा फायदा वजनापेक्षा पक्ष्याचा डोळा आपोआप पकडण्यात आहे, म्हणजे थरथरत्या हाताने फोकसचा ठिपका सरकवत बसावं लागत नाही. मात्र एक किलोच्या खाली जाण्यात काही मोठेपणा नाही. कॅमेऱ्याला थोडं वजन असलं की त्याचं जडत्व कंप जिरवतं. फारच हलका कॅमेरा हाताबरोबर नाचतो, आणि बटणं इतकी बारीक की सांधे आखडलेल्या बोटांना सापडत नाहीत. दुकानात जाऊन हातात धरा, डोळ्याला लावून ३० सेकंद थांबा. विसाव्या सेकंदाला कोपर खाली यायला लागलं तर ती जोडी तुमची नाही.

---

शेकाट्या

डायॉप्टर दोन घरं फिरवलं आणि आकडे स्वच्छ दिसले! सुगरणताई, आभार. पुढचे दोन प्रश्न. मोनोपॉडच काठी म्हणून वापरला तर चालेल का? आणि भिगवणला होडीत काय करायचं?

---

पाणकोंबडी

काठी म्हणून मुळीच नको. मोनोपॉडच्या पेचाच्या किंवा क्लिपच्या पकडी उभ्या वजनासाठी असतात. उतारावर तिरका जोर पडला की एखादा टप्पा सरकन आत जातो आणि माणूस तोंडावर. शिवाय वर लेन्स लावलेली असताना तोल गेला तर हात आधी लेन्स वाचवायला जातो. काठी वेगळी घ्या, आणि कवडीपाटच्या बंधाऱ्यावर तर काठी घेऊनही उतरू नका. दगडांवर शेवाळ आणि फेस दोन्ही असतं. काठावरून चक्रवाक आणि शेकाटे पुरेसे जवळ येतात.

बसायला तीन पायांचं स्टूल नको, ते मागे कलंडतं. चार पायांची, पाठ असलेली घडीची खुर्ची, बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंमी. २५ सेंमीची छोटी स्टुलं हलकी असतात, पण त्यावरून उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. मोनोपॉड अर्धा उघडून दोन मांड्यांमध्ये धरा.

पट्टा गळ्यात नको. तिरका, खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा घ्या आणि तो कॅमेऱ्याला नाही, लेन्सच्या कॉलरच्या पायाला अडकवा. हे पट्टे एकाच स्क्रूवर लटकतात आणि चालताना तो स्क्रू हळूहळू सुटतो. दर वेळी निघण्याआधी पिळून बघा, आणि कॅमेऱ्याच्या कडीला एक जास्तीची दोरी बांधा.

होडीत मोनोपॉड आणि ट्रायपॉड दोन्ही बाद, कारण तळ स्वतःच हलतो. बीन बॅग न्या. पुण्याहून रिकामी पिशवी न्यायची आणि तिथल्याच किराणा दुकानात दोन किलो तांदूळ भरायचे, येताना तेच घरी. पाऊण भाग भरा. गच्च भरली तर लेन्स वर घसरते, खोबण होत नाही. पावसाळ्यात तांदूळ ओले राहिले तर किडे होतात, तेव्हा सुकवून ठेवा. पिशवी होडीच्या काठावर न ठेवता मांडीवर ठेवा. काठावरून इंजिनची कंपनं थेट लेन्समध्ये येतात, मांडी ती शोषून घेते. इंजिन असलेली होडी असेल तर रोहित (फ्लेमिंगो) दिसले की लांबूनच बंद करायला सांगा आणि पुढे बांबूने. पक्षीही उडत नाहीत. मधल्या फळीवर बसा, प्लॅस्टिकची खुर्ची होडीत घालू देऊ नका, लाइफ जॅकेट अंगात. चढताना कॅमेरा नावाड्याच्या हातात द्या, दोन्ही हात मोकळे हवेत.

संकोच न करता सांगतो: होडीची फेरी दोन तासांची होऊ शकते आणि मध्ये सोय नाही. लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेत असाल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारा. पाणी कमी पिऊन हा प्रश्न सोडवू नका, उन्हात चक्कर येते. मधुमेहाची औषधं घेत असाल तर पहाटे उपाशीपोटी निघू नका.

गाडीतून फोटो सगळ्यात सोपे. बीन बॅग दारावर, काच अर्धी खाली, इंजिन बंद. एसी आधी पाच-दहा मिनिटं बंद करा, नाहीतर आतली गार आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच मिसळते आणि वर सांगितलेली थरथर तिथेच तयार होते. गाडी चालवणारा दुसरा कोणी असावा.

---

सुगरण

ज्या दिवशी बाहेर पडणं नको वाटेल त्या दिवसासाठी बाल्कनी किंवा सोसायटीची बाग. मातीची उथळ परात, ४० सेंमी रुंद, पाणी जास्तीत जास्त ५ सेंमी, मध्ये एक खरबरीत दगड. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पक्ष्यांचे पाय घसरतात, ते परत येत नाहीत. झुडपापासून दोनेक मीटर लांब ठेवा, अगदी खाली ठेवली तर मांजर दबा धरतं. बाजूला एक वाळकी फांदी रोवा, पक्षी आधी तिथे बसतो, फोटो तिथलाच. मागची भिंत किंवा झाडं फांदीपासून चार-पाच मीटर लांब असली तर पार्श्वभूमी मऊ येते. बुलबुल, दयाळ, शिंपी, चष्मेवाला इतके तरी येतातच.

तुमची २००-५०० दोन मीटर वीस सेंमीपासून फोकस करते, त्यामुळे इथे ती उत्तम. एफ/११ वाली ६०० साडेचार मीटरच्या आत फोकसच करत नाही, म्हणजे बहुतेक बाल्कन्यांत ती निरुपयोगी, हे खरेदीआधी लक्षात घ्या. पाणी रोज ओतून परात घासा. दोन-तीन दिवस तसंच राहिलं की डासांच्या अळ्या होतात आणि मग सोसायटीची नोटीस येते.