यंत्राआधी भोंगा

कापडधंद्याबद्दलच्या या चर्चेत वरच्या प्रतिसादात म्हटलंय की यंत्र आलं म्हणून कारखाना आला. मला ते अर्धंच पटतं. हारग्रीव्ह्जची जेनी, म्हणजे एकदम अनेक धागे कातणारं हातानं फिरवायचं यंत्र, तर सुरुवातीला घरातच चालायची. आर्कराइटने १७७१ मध्ये इंग्लंडातल्या क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली, तेव्हा खरा बदल झाला. चाक नदीकाठी, म्हणून माणसांनी तिथं जायचं, आणि तेही पाळीच्या वेळेला. सूत कधी काढायचं हे कातणाऱ्याच्या हातातून तिथंच सुटलं.

आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकची गिरणी बघा, १८८५ सालची. घटप्रभेच्या धबधब्याच्या ताकदीवर उभी राहिलेली. जागा ठरवली ती पाण्यानं, विणकरांच्या वस्तीनं नव्हे.

पण कातणं गिरणीत गेलं तरी विणणं लगेच गेलं नाही, हे या चर्चेत राहूनच गेलंय. गिरणीचं सूत हातमागावरच येत राहिलं. आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापूर-खासबाग भागात आजही घरातच यंत्रमाग, म्हणजे विजेवरचे माग, आहेत. पुढच्या खोलीत माग, मागं स्वयंपाकघर. मी लहानपणी शेजारच्या काकूंकडे कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळायला, बसायचो. खडखडाटात बोलणं ऐकू यायचं नाही, खुणाच चालायच्या. माग त्यांचा स्वतःचा होता, पण सूत व्यापाऱ्याचं, नक्षी व्यापाऱ्याची आणि मजुरी साडीमागं. वीज गेली की त्या दिवसाची कमाई बुडाली. म्हणजे भिंती घराच्या, पण कामाची रीत कारखान्याची. त्या घराला कुटिरोद्योग म्हणायला माझं मन तयार होत नाही.