साप दिसला तर ना!
शत्रू हल्ला करणार असं दिसलं तर देशानं आधीच वार करावा, 'साप दिसला की ठेचावा, चावायची वाट बघू नये' हे तुमचं म्हणणं पटतं. पण दिसला तर! २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांना हल्ल्याचा इशारा देणारी यंत्रणा सांगत होती, अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं सुटलीत. खरा हल्ला कुणी पाचावरच कशाला थांबवेल, असा विचार करून त्यांनी वर 'खोटा इशारा' असं कळवलं. ढगांवर चमकलेलं ऊन होतं ते!

उलट २००३ मध्ये संहारक अस्त्रं आहेत म्हणत अमेरिकेनं इराकवर चाल केली आणि त्यांचे साठे काही सापडले नाहीत. साप म्हणून भुई धोपटली, फक्त त्या भुईवर माणसं राहत होती. १९६७ मध्ये इस्रायलनं इजिप्तवर आधी वार केला तेव्हा इस्रायलच्या सीमेलगतच्या सिनाईत इजिप्तची फौज निदान उभी होती. तरी त्यावर वाद अजून चालूच आहे.