'आता पुरे' कधी म्हणालात?

जुनी वही
काल कपाट आवरताना पंधरा वर्षांपूर्वीची वही सापडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक आकडा, खाली दोन रेघा आणि 'एवढे झाले की राजीनामा'. तो आकडा केव्हाच मागे पडलाय. ओलांडला तो दिवस आठवतही नाही! मी आपला अजून रोज सकाळी गळ्यात पट्टा अडकवून निघतो. दरवेळी 'अजून एकच वर्ष'. तुम्ही कसं ठरवलंत? पैसे पुरतील हे कशावरून कळलं? लिहा.

हिशेबी
वर्षाच्या खर्चाच्या २५ पट. विषय संपला.

सुटलो एकदाचा
हिशेबी, संपला कसा? ती २५ पट आली अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या १९९४ च्या लेखातून. पहिल्या वर्षी साठलेल्या रकमेतले ४ टक्के, म्हणजे पंचविसावा हिस्सा काढायचा, पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवायची, तरी ३० वर्षं पुरतात. पण हे अमेरिकेतल्या शेअर-रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून. आणि ४५ ला थांबलात तर ३० वर्षांनी ७५ चे. पुढे काय, हवा खायची?
मी थांबलो आणि पहिल्याच वर्षी बाजार आपटला. सरासरी परतावा कागदावर राहतो हो. पडत्या भावात म्युच्युअल फंडाची युनिटं विकून घर चालवलं की बाजार वर येतो तेव्हा हातात युनिटंच कमी उरतात. तीन वर्षांचा खर्च ठेवीत वेगळा होता म्हणून निभावलं. तरी रोज एकमेकांना 'बघू नकोस' सांगून दोघंही गुपचूप मोबाईल बघायचो.

घाईत आहे
आमच्याकडे नवरा तयार, मी नाही. त्याने एक्सेलमध्ये महागाई ४ टक्के धरली, मी खोडून ६ केली. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की खर्च किती वर्षांत दुप्पट होतो ते साधारण कळतं. ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षांत खर्च दुप्पट, २४ मध्ये चौपट. चेहराच पडला त्याचा. मग त्याने माझ्या 'इतर' रकान्यावर बोट ठेवलं आणि... बेल वाजली, येते.

हिशेबी
आणि काय??

पुन्हा हजर
मी ५२ ला सोडली, ५५ ला परत धरली. आईसाठी रात्रीची बाई ठेवावी लागली, ती माझ्या कुठल्याच यादीत नव्हती. स्वतःच्या म्हातारपणाचा हिशेब अगदी चोख होता, तिच्याचा केलाच नव्हता. आता साहेब माझ्या मुलीच्या वयाचा. मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत 'काका' म्हणतो.

सुटलो एकदाचा
अरेरे. आई कशा आहेत आता?

पुन्हा हजर
गेल्या वर्षी गेली. नोकरी राहिली.

टवाळ
माझा आकडा झाला नाही, बॉसचा झाला. तो निवृत्त झाला आणि मला नोकरी आवडायला लागली.

पाचवा मजला
२५ पट ठीक, पण कुठल्या खर्चाच्या? आम्ही रंगीत तालीम केली. पगार दुसऱ्या खात्यात वळवला आणि आठ महिने ठरलेल्या रकमेत राहिलो. चौथ्या महिन्यात वॉशिंग मशीन गेलं, सहाव्यात माझी दाढ. दर महिन्याच्या खाली बायकोने लिहून ठेवलंय, 'हा महिना अपवाद'. आठातले सहा अपवाद! नवा आकडा त्या सहांवरून काढला. अजून दोन वर्षं आहेत.

टवाळ
पेन्सिलीचं पंधरा वर्षांनी वाचता येतं? कुठली पेन्सिल?

जुनी वही
साधी एचबी, दाबून लिहायची खोड. पान उलटलं तरी वाचता येतं, शाळेत त्यावरून मार खाल्लाय. पाचवा मजला, तुमचं वाचून वही परत उघडली. आकड्याखाली बारीक अक्षरात 'मुलीचं शिक्षण सोडून' असंही आहे. हे कसं विसरलो कोण जाणे.

घाईत आहे
आले. मिटलं भांडण. महागाई ५ टक्क्यांवर तडजोड झाली.