विषय: जुगाराच्या व्यसनासाठी मदत

सप्रेम नमस्कार,

माझा धाकटा भाऊ मोबाइलवरून सामन्यांवर पैसे लावतो. मागे एकदा आम्ही त्याचे कर्ज फेडले आणि त्याने आईची शपथ घेतली, तरीही आता नवे कर्ज उघड झाले आहे. "एवढे एकदाच," असे तो म्हणतो आणि आई दागिने मोडायला निघाली आहे. पैसे द्यावेत का व मदत कोणाकडे मागावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

– एक भगिनी

ताई, सप्रेम नमस्कार.

आईंना थांबवा. आपण कर्ज फेडले की त्याच्यामागचा तगादा तेवढा थांबतो. हरलेले पैसे पुढच्या डावात भरून काढण्याची ओढ तशीच राहते. हा निव्वळ लोभ नव्हे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराची गणना दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर केली, ती विचारपूर्वकच. त्यामुळे शपथेवर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे. "इतका हरलो, आता जिंकणारच," यांसारख्या समजुती तपासून पाहायला शिकवणारी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) ही संवादातून होणारी उपचारपद्धती या विकारात उपयोगी पडते. तो घेत असलेली सर्व औषधेही डॉक्टरांना सांगावीत, कारण पार्किन्सन म्हणजे कंपवातावरील प्रामिपेक्सोलसारख्या काही औषधांमुळेही जुगाराची अनावर ओढ लागू शकते.

जुगार सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यावा म्हणून १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या 'गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस'च्या सभा आज अनेक देशांत भरतात. तेथे शुल्क नाही आणि जुगार सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. कुटुंबीयांसाठी अशाच सभा भरवणारे 'गॅम-अ‍ॅनॉन' आहे. भाऊ तयार नसला तरी तुम्ही तेथे अवश्य जावे, असे मला कळकळीने वाटते.

सर्व देणी त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि कोणत्याही कर्जाला जामीन राहू नका. सट्ट्याच्या कंपन्यांकडे स्वतःचे खाते बंद ठेवण्याची विनंती त्यानेच करावी, आणि बँक असे व्यवहार अडवून धरू शकते का, तेही विचारावे.

एक गोष्ट मात्र आजच करा. कर्ज उघडे पडल्यानंतरचे दिवस फार नाजूक असतात, म्हणून जीव द्यावासा वाटतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे सोडू नका आणि लगेच आपत्कालीन सेवेला फोन करा.

– एक सभासद

आज रात्रीच विचारते. आईलाही हे पत्र वाचून दाखवले आहे.

– एक भगिनी