अलिबाग मुक्काम: रविवारी किनाऱ्यावर किती वाजता?

सेक्रेटरी: मंडळी, शनिवारी रात्री अलिबागला मुक्काम नक्की. रविवारी नाश्ता उरकून अकराच्या सुमारास चालत किनाऱ्यावर जाऊ. चालेल ना?

बी-१०४: काका, किनारा होईल, पण समुद्रातला कुलाबा किल्ला राहील, तिथे ओहोटीलाच चालत जाता येतं. माझं माहेर अलिबागजवळच्या थळचं, म्हणून आग्रहाने सांगते. त्या दिवशी वद्य तृतीया आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तिनाची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे पूर्ण ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी, सकाळी आठच्या आसपास. अकराला किल्ल्याच्या वाटेवर पाणी आलेलं असेल. पौर्णिमेनंतरचे दिवस उधाणाचे, पाणी भराभर चढतं.

ए-३०२: म्हणजे सहाला उठायचं? मुलं कुरकुरतील गं.

बी-१०४: उठतील, ताई. स्टँडवरून रमतगमत वीसेक मिनिटं, रस्ता सगळा सपाट. किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा आहे, ती बाहेरून तरी मुलांना दाखवूच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम मुंबईच्या कुलाब्याहून इथे आणलं.

डी-१०१ काकू: माझ्या गुडघ्यांना वाळू झेपेल का गं?

बी-१०४: झेपेल, काकू. ओहोटीला तिथली ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही. खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी सगळीकडे पसरलेली असते, ती बघत सावकाश चाला. नाहीच जमलं तर घोडागाडी किल्ल्यापर्यंत जाते. फक्त अनवाणी कुणी येऊ नका. किल्ल्याजवळच्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, तळवा कापतो. मागे पट्टा असलेली रबरी सँडल घाला.

सेक्रेटरी: आत बघण्यासारखं काय?

बी-१०४: राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ, आणि चहूबाजूंनी समुद्र असून गोड्या पाण्याची विहीर! साडेनऊच्या आत मात्र परत किनाऱ्याला लागायचं. गावात कान्होजींची समाधी आहे, ती नाश्त्यानंतर सावकाश बघू.

सेक्रेटरी: ठरलं. पावणेसातला निघायचं. नाश्ता परत आल्यावर, हॉटेलला कळवतो.

बी-१०४: शनिवारी संध्याकाळी घोडागाडीवाल्यांनाही वेळ विचारून घेऊया. पाऊणपटीच्या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.